तिकोनी बगिचा, पाच चक्कर

पोलीस भरतीची जाहिरात निघाली म्हणजे थंडी आली. आमच्या यवतमाळात ही दोन्ही जोडीनंच येतात असं मला वाटतं. इकडे झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागते, पोरापोरींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले. तिकडे सकाळचं नळाचं पाणी बोटांना चावायला लागतं. याच दिवसांत कापसाच्या गाड्या शहरातून जाऊ लागतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना, दुकानांच्या पाट्यांना, विजेच्या तारांना पांढरे पुंजके लटकतात. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, काय सुंदर दिसतं. मला हे दिवस नको वाटतात. दरवर्षी ते येतात आणि दरवर्षी मी तिकोनी बगिच्याचा रस्ता सोडून लांबून शिकवायला जाते. यंदा मात्र बगिच्यात जावं लागलं.

तिकोनी बगिचा हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण पाटी गंजली आणि तीन रस्त्यांच्या मधोमध अडकलेल्या त्या तुकड्याला लोकांनी आपलं नाव देऊन टाकलं. एका बाजूला गॅरेजांची ओळ, दुसऱ्या बाजूला सरकारी नोकरदारांच्या जुन्या कॉलनीच्या मागच्या भिंती, तिसऱ्या बाजूला बसस्टँडकडे जाणारा रस्ता. आत दोन कडुलिंब, एक गुलमोहर, कधीच पाणी न उडालेलं कारंजं, सहा सिमेंटचे बाक, दोन झुले आणि एक घसरगुंडी. कडेकडेनं फरशीची पायवाट. बस, एवढंच. नागपूरच्या माणसाला दाखवला तर तो विचारेल, बगिचा कुठाय. पण मी खेड्यातून आलेली. झाडाखाली नुसतं बसायला, काही काम न करता बसायला सरकारनं बाक बांधून ठेवले आहेत याचंच मला पहिल्या वर्षी नवल वाटलं होतं. आमच्याकडे झाडाखाली बसलेल्या बाईला येणारा-जाणारा विचारतो, "काहून बसली वं, बरं नाई काय?"

त्या बगिच्यात कोणी केव्हा यायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. सकाळ कॉलनीतल्या रिटायर लोकांची. त्यांचे म्होरके कोर्टातून निवृत्त झालेले नाझर, म्हणून सगळे त्यांना नाझरकाकाच म्हणत. ते मफलर बांधून, वही घेऊन येत आणि हास्यक्लबाची हजेरी घेत. कोणी दोन दिवस हसायला आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला कारण विचारलं जाई. नऊच्या पुढे कॉलनीतल्या सुना कडुलिंबाखाली बसून मेथी निवडत, सासूपासून लांब, म्हणून एका जुडीला तासभर लागे. दुपार गॅरेजवाल्यांची. ते डबा खाऊन बाकांवर पालथे पडत, ग्रीसचे हात खाली लोंबकळत. एक म्हातारा वेल्डर झोपण्याआधी कारंज्याच्या कोरड्या हौदात उरलेल्या पोळीचे तुकडे टाकायचा, साळुंक्यांसाठी, आणि त्या त्याच्याच आवाजाला यायच्या. चारच्या सुमाराला घसरगुंडीमागे कॉलेजची एखादी जोडी. त्यांना सगळे पाहत आणि कोणी पाहिलं नाही असं ठरत असे. संध्याकाळी लेकरं.

आणि सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता, धावणाऱ्या पोरी.

मी धावणारी नव्हते. आर्णीकडच्या एका खेड्यातली मी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लपवत नाही आणि सांगायचं सोडतही नाही. बी.एस्सी., गणित, फर्स्ट क्लास. गावात बांधाच्या मोजणीवरून दोघांत जुंपली की लोक म्हणत, "थांबा, सुनीताले येऊ द्या." चाळिशी ओलांडलेली माणसं माझ्या कागदाकडे बघत गप्प उभी राहत. त्या गप्प उभं राहण्याची मला चटक लागली होती, हे आज लिहायला हरकत नाही. यवतमाळात बगिच्यामागे खोली करून मी परीक्षांचा अभ्यास करत होते आणि सकाळी पुस्तक घेऊन बाकावर बसत होते, कारण खोलीत उजेड उशिरा यायचा.

शबाना मला तिथेच भेटली. गॅरेजांच्या ओळीतल्या गफूरचाचांची थोरली मुलगी. उंच, हाडकुळी, ओढणी कमरेला बांधून पळायची. पोलीस व्हायचं तिनं सातवीत ठरवलं होतं. दोनदा भरतीत नापास झाली, दोन्ही वेळा मैदान कसंबसं काढून लेखीत, गणितात. तिसऱ्या वेळेला तिनं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि धापा टाकत समोर उभी राहून म्हणाली, "तुले टक्केवारी येते काय?"

"येते."

"मले नाई येत. मले शिकव. मी तुले पळाले शिकवतो."

मी पळायला काही शिकले नाही. तिला मात्र टक्केवारी आली, काळ-काम-वेग आलं, नळ-टाकी आली. हुशार होती, शाळेत कोणी थांबून सांगितलं नव्हतं, एवढंच. ती तिची शेवटची भरती होती. पुढच्या जाहिरातीच्या आत तिचं वय बसत नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गफूरचाचांना तर दिवसागणिक माहीत होतं.

गफूरचाचा रोज सकाळी तिच्यासोबत यायचे. थंडी असो, पाऊस असो, रोजा असो. हातात गिऱ्हाइकाच्या टेम्पोतून निघालेलं जुनं घड्याळ, त्याला सेकंदाचा काटा होता. "चल बेटा" म्हणून ते काटा बारावर यायची वाट बघत आणि मग हात खाली पाडत. नाझरकाकांना हे पसंत नव्हतं. आधी ते पोरी उलट्या दिशेनं धावतात म्हणून बोलले, मग सुलट्या धावायला लागल्या तर मागून येऊन दचकवतात म्हणून बोलले.

"अहो गफूर, हा ज्येष्ठ नागरिकांच्या फिरण्याचा मार्ग आहे."

"हो ना, नाझरसाब. पण आमची पोट्टी हवालदार झाली की तुमच्याच मार्गावर गस्त घालीन. चोर येनार नाई."

नाझरकाका हसले नाहीत, हास्यक्लब संपला होता. पण दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या माणसांना डावीकडून चालवू लागले.

आठशे मीटर पळायचं असतं. पण बगिच्याचे किती चक्कर म्हणजे आठशे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे सहा, कोणी सात. भरतीचे क्लास घेणारा एक जण "साडेपाच धरा" म्हणाला होता. या 'धरा'चा मला राग यायचा. मोजता येणारी गोष्ट धरायची कशाला? पोळ्याला मी गावी गेले तेव्हा गोठ्यातल्या खुंटीवरची सरकी लावायची दोरी घेऊन आले.

ही दोरी आमच्या घरची इभ्रत होती. लांबच लांब सुती दोरी, तिला ठराविक अंतरावर लुगड्याच्या लाल चिंध्यांच्या गाठी. पेरणीच्या वेळी वावराच्या दोन टोकांना दोघं ती ताणून धरतात आणि बाया गाठीगाठीशी सरकीचं बी लावत जातात, म्हणजे कापसाची ओळ उभी-आडवी सरळ लागते. गाठीगाठीत चार फूट. लहानपणापासून चार फूट. बाबांची दोरी एवढी बिनचूक की पेरणीत अर्धं गाव ती मागून न्यायचं. मी उचलली तेव्हा बाबा वावरात होते, माय नदीवर. कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं काय त्यात?

एका रविवारी आम्ही तिघांनी बगिचा मोजला. एक टोक चाचांनी धरलं, एक शबानानं, मी वही घेऊन मधे. नाझरकाकाही येऊन बघत उभे राहिले. एकशे एकतीस गाठी. गुणिले चार, पाचशे चोवीस फूट. त्याचे मीटर केले, एकशे साठला जरासे कमी. म्हणजे पाच चक्कर, आठशे. इतकं नेटकं उत्तर आलं की मला बगिच्याचाच अभिमान वाटला.

चाचा गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे. त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणि बारका ब्रश आणला, कॉलनीच्या भिंतीसमोर उकिडवे बसले आणि मला विचारलं, "बेटा, हिसाब पक्का हाय ना?"

"चाचा, गणितात फर्स्ट क्लास हाय माहा."

"बस. मंग लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं, त्या सुबक, टोकदार अक्षरांत, ५ चक्कर = ८०० मी.

त्याच आठवड्यात त्यांनी गोळाफेकीसाठी लेथवर लोखंडाचा गोळा करून घेतला होता. तो मात्र त्यांनी भंगारवाल्याच्या काट्यावर तोलला, मग किराणा दुकानात तोलला, आणि दोन्हीकडे चार किलो भरला तेव्हाच शबानाच्या हातात दिला. चौथी शिकलेला माणूस. मी दोरीतल्या एका गाठीला सुद्धा फूटपट्टी लावली नाही.

त्या वर्षी कापसाचं काय झालं ते आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. झाडं माणसाच्या छातीएवढी वाढली, बोंडं लागली, बाबा फोनवर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. पहिल्या वेचणीला मायनं वावरात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा केली. दुसऱ्या वेचणीला बोंडं उघडेनात. फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी. गावोगाव तेच. फवारे मारून माणसं आजारी पडली, आणि डिसेंबरात लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, कापसाच्या पिकातच, ढोरं सोडली.

ते बगिच्यात कसं कळलं सांगते. एका सकाळी फाटकाशी बायांचा घोळका दिसला. डोक्याला फडकी, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. या दिवसांत या बाया शहरात नसतात. या दिवसांत त्यांच्या बोटांना उसंत नसते, चार गावचे लोक त्यांना मनवायला दारात येतात. वेचायला कापूसच नाही म्हणून त्या पहाटेच्या गाडीनं शहरात, मजूर उभे राहतात त्या चौकात, बांधकामावर कोणी नेतं का बघायला येत होत्या. दहापर्यंत कोणी नेलं नाही की परतीच्या गाडीला वेळ असे, म्हणून बगिच्यात. पहिले दोन दिवस त्या जमिनीवर बसल्या, बाक रिकामे असून. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक, केस पांढरे झालेली, झुल्याजवळ गेली. साखळी हलवून पाहिली. मग अंग चोरून बसली आणि पायानं हळूच रेटा दिला.

नाझरकाका त्या दिवशी उशिरापर्यंत थांबले होते. झुल्यावरची पाटी वाचून म्हणाले, "आजीबाई, झुले बारा वर्षांखालील मुलांसाठी आहेत."

ती झुलतच म्हणाली, "आमी बारा वर्साच्या होतो तवा झुला नोता, बाबूजी. आता झुला हाय त आमी बारा वर्साच्या नाई. कसं करता, सांगा?"

बाकीच्या हसल्या. नाझरकाका वही मिटून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी दहानंतर ते बगिच्याकडे फिरकलेच नाहीत. पुढे महिनाभर त्या बाया येत राहिल्या. आळीपाळीनं झुलत. घसरगुंडीवरून एकदा एक उतरली आणि लुगडं सावरत इतकी हसली की शेवटी रडायला लागली. तिच्याजवळ बसलेली दुसरी नुसती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्या हिवाळ्यात मी माणसांना त्या बगिच्यात जितकं खेळताना पाहिलं तितकं पुन्हा कधी नाही. आणि खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शबाना मात्र दिवसेंदिवस चढत होती. चाचणी जवळ आल्यापासून चाचा तिला दहानंतर पुन्हा एकदा पळवायचे. तीन मिनिटं, मग दोन अठ्ठावन्न, दोन बावन्न. बगिच्याला तीन कोपरे, तिथे वेग तुटायचा, म्हणून ती कोपऱ्यावर डावा हात झाडाला लावून वळायला शिकली. झुल्यावरच्या बाया तिची वाट बघत आणि ती समोरून गेली की ओरडत, "पळ माय, पळ, तुह्या मागं ढोर लागलं." एका दिवशी दोन अठ्ठेचाळीस, मैदानाचे भरपूर मार्क देणारी वेळ. चाचांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही. मग त्यांनी सगळ्या बायांना चहा पाजला, गॅरेजातून किटली आणून. तो दिवस मला आठवतो तसा दुसरा कोणता दिवस आठवत नाही. इतक्या सगळ्या हरलेल्या माणसांत एक जण जिंकणार होती आणि तिचा हिशेब मी केला होता.

मैदानी चाचणीला फक्त उमेदवारांना आत सोडत होते. चाचा आणि मी जाळीबाहेर, तिचा स्वेटर माझ्या हातात. ती निघाली तशीच निघाली, बगिच्यातल्यासारखी. शेवटचं वळण घेऊन सरळ रेषेवर आली तेव्हा तिच्यापुढे एकच पोरगी होती. चाचा घड्याळाकडे बघून पुटपुटत होते, "झालं, झालं, आता झालं." आणि तिथून तिचे पाय गेले. चिखलातून चालावं तशी ती चालायला लागली. एक पुढे गेली, दोन गेल्या, मग मी मोजायचं सोडलं. तीन मिनिटं सतरा सेकंद.

बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "पाय सरले, सुने. मले वाटलं संपलंच आता, आन् संपेच ना."

चाचांनी माझ्या हातून स्वेटर घेऊन तिला घातला. बटणं लावत हळूच म्हणाले, "घाबरली पोट्टी. होते असं."

लेखीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. ज्या गणितासाठी ती दोन हिवाळे माझ्यासमोर बसली, ते गणित सोडवायला तिला कोणी बोलावलंच नाही. गफूरचाचांनी बगिच्यात येणं सोडलं. गॅरेजवर कोणी विचारलं तर म्हणायचे, "गाडी एक नंबर होती. ड्रायव्हर आखरीले घाबरला." दुष्टपणानं नव्हे, स्वतःची समजूत काढायला म्हणायचे. पण शबाना भाकरी घेऊन गॅरेजवर जाई तेव्हा ते तिच्या कानावर पडे. मला एकदा म्हणाली, "अब्बा मले डरपोक समजते. समजू दे. मीच समजतो."

मग जून आला. मी पेरणीला घरी गेले. बाबा सोयाबीन पेरा म्हणणाऱ्यांचं न ऐकता पुन्हा कापूसच लावणार होते. मी दिवाळीत परत खुंटीला लावलेली ती दोरी माय ओसरीत मांडीवर घेऊन जुन्या चिंध्या सोडत होती आणि नव्या बांधत होती.

"काहून सोडून राह्यली?"

"औंदा परत चारवर लावाची म्हणते तुहा बाप. मागल्या साली त्या दुकानवाल्याचं ऐकून साडेतीनवर लावली ना. दाट झाली, औषध आत पोचलंच नाई."

मी विचारलं, "साडेतीन?"

"हो मंग. तू कुठं होती पेरनीले? तुहा अभ्यास."

सुटायच्या राहिलेल्या दोन गाठी होत्या. मी कंपासपेटीतली पट्टी लावली. मग पुन्हा लावली. साडेतीन फूट. एकशे एकतीस गुणिले साडेतीन, हे मी तोंडी केलं, मायच्या समोर उकिडवी बसून. बगिच्याचा चक्कर एकशे चाळीस मीटरचा. पाच चक्कर, सातशे. शबाना सातशे मीटर पळायला शिकली होती, आणि तिनं सातशे मीटर बरोबर पळून दाखवले होते. शेवटचे शंभर तिच्या पायांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे मी तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी यवतमाळला परत आले आणि सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, आता काय उपयोग, वय तर गेलंच. म्हटलं, तिला उगाच दुखवायचं. ही सगळी नंतर रचलेली कारणं. खरं कारण हे की त्याच महिन्यात मला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचं काम लागलं होतं, पोरं मला मॅडम म्हणू लागली होती. पोराला दोरी मोजता आली नाही असं कोणी म्हणालं तर बाप म्हणतो, पोरगा हाय, शिकन. माझ्यामागे सगळं गाव उभं होतं, गप्प, माझ्या कागदाकडे बघत. ते गाव मला मोडवलं नाही. म्हणून मी रस्ता बदलला. लांबच्या रस्त्यानं शिकवायला जायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

शबानाचं लग्न वणीला झालं. नवरा कोळशाच्या ट्रकवर. गेल्या पावसाळ्यात गफूरचाचा वारले. मी मातीला गेले, बायांत बसले, शबानाचा हात हातात धरला आणि तिथेही काही बोलले नाही.

या हिवाळ्यात तिचा फोन आला. आईजवळ राहायला ती लेकीला घेऊन यवतमाळला आली आहे. "सुने, गॅरेजच्या गल्लीतल्या तीन पोट्ट्या भरतीची तयारी करून राह्यल्या. पळनं मी पाहतो. गणिताचं तूच पाहाजो. सकाळी बगिच्यात ये."

गेले. थंडी तीच. कारंजं आता मातीनं भरून त्यात झेंडू लावले आहेत, ते सुकलेत. हास्यक्लब चालू आहे, पाच-सहा जण, वही दुसऱ्या कोणाच्या हातात. झुल्यावर एक शाळकरी मुलगी मोबाइल बघत बसलेली. कापूस यंदाही लोकांनी घरातच भरून ठेवलाय, भावाची वाट बघत. अंगाला खाज सुटते म्हणून आमच्या घरची माणसं ओसरीत झोपतात. भिंतीचा रंग उडालाय, पण चाचांची अक्षरं शाबूत. ५ चक्कर = ८०० मी. ऑइलपेंट चांगला असला की टिकतो.

तीन पोरी त्या भिंतीपासून निघत होत्या आणि पाच मोजून थांबत होत्या. शबाना मोबाइलवर वेळ लावून उभी, तिची लेक ओढणीला धरून. तिसरी पोरगी धापा टाकत थांबली तेव्हा शबाना तिला म्हणाली, "पाय नाई दमत, मन दमते. आखरीले घाबरू नको. मी घाबरली होती, मनून सांगतो."

हे वाक्य ती किती वर्षं लोकांना सांगत असेल कोण जाणे. ते मला ऐकवलं नाही. मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. दोरी, चिंध्या, साडेतीन, सातशे. गणित वहीत करून दाखवलं, तिला आता ते माझ्याइतकंच येतं. ती वहीकडे बघत राहिली. ओठ हलत होते, ती गुणाकार तपासत होती.

"म्हंजे सातशेपर्यंत मी बरोबर होती."

"हो."

"घाबरली नोती."

"नाही."

तिनं लेकीच्या नाकाला ओढणी लावली, पुसलं. मग विचारलं, "तुले कवापासून माहीत हाय हे?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याच सालच्या पेरणीपासून," मी म्हटलं.

तिनं बोटांवर वर्षं मोजली. सावकाश.

"अब्बा तवा होते," ती म्हणाली.

मी वही मिटली. तिनं मला शिवी दिली असती तर मी ती घरी घेऊन गेले असते. ती उठली, लेकीला कडेवर घेतलं आणि भिंतीशी थांबलेल्या पोरींकडे गेली.

"उद्यापासून पावनेसहा चक्कर मारा."

"भिंतीवर त पाच लिहेल हाय, ताई," एक जण म्हणाली. "चुकीचं लिहिलं काय त्यानं?"

"लिहिनारा चुकला नोता," शबाना म्हणाली, माझ्याकडे न बघता. "त्याले जे सांगितलं ते त्यानं लिहिलं."